बाटलीनं घेतलेला श्वास

१

बाटली तीच होती, झाकण तेच होतं, आणि तळाशी जेवढं असायला हवं तेवढं काहीतरी हलतही होतं. फक्त ते अत्तर नव्हतं. आजोबांची देखभाल करणाऱ्या सोबतिणीनं उशीच्या कोपऱ्यावर दोन-चार थेंब टाकले. आजोबांनी सवयीनं उशीला नाक लावलं, थांबले, पुन्हा लावलं. मग त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि बाजारात हरवलेल्या पोरासारखे रडायला लागले. बाटलीत पाणी होतं.

ही हकिगत विमानमावशींना दुसऱ्या दिवशी सकाळी कळली, तीही स्वतःच्या दारात, हातात दुधाची पिशवी असताना.

"मावशी, मला काढलं," सोबतीण म्हणाली. तिचे डोळे सुजले होते. "चोर म्हणाले मला."

विमानमावशी हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी विमानात काढली. लोकांचे पट्टे आवळले, उलट्या पुसल्या, रडकी मुलं कडेवर घेऊन खुर्च्यांमधल्या बोळातून येरझाऱ्या घातल्या. निवृत्त झाल्यावर या इमारतीत तळमजल्यावर दोन खोल्या घेतल्या, आणि इमारतीनं त्यांना हे नाव देऊन टाकलं. नाव मायेचं होतं, पण त्या नावानं हाक मारत दार ठोठावणारं कुणी नव्हतं. काही दिवस तर असे जायचे की मावशींचं बोलणं व्हायचं ते फक्त कोपऱ्यावरच्या वाण्याशी, आणि तेही ठरलेलं. "मोठी बाटली घ्या की मावशी, स्वस्त पडते," वाणी म्हणायचा. "छोटीच दे," मावशी म्हणायच्या. जन्मभर बॅगेत मावेल एवढाच साबण आणि बॅगेत मावेल एवढाच शॅम्पू. हाताला वळणच तसं पडलं होतं.

सोबतीण मात्र यायची. आधी ती समोरच्या घरी एका आजारी बाईंची सेवा करायची. त्या बाई गेल्या, आणि वरच्या मजल्यावरच्या गादीवाल्यांनी आपल्या सासऱ्यांसाठी दिवसभराची बाई शोधायला घेतली, तेव्हा मावशींनीच तिचं नाव सुचवलं होतं. त्यामुळे आळ तिच्यावर आला तरी शिंतोडे मावशींवरही उडाले होते.

"आत ये. बस. काय झालं ते पहिल्यापासून सांग."

सोबतिणीनं सांगितलं. सासरे, म्हणजे आजोबा, इतकी वर्षं दुसऱ्या शहरात मुलाकडे राहत होते. बायको गेल्यापासून त्यांची आठवण विरत चालली होती. माणसं ओळखायचे नाहीत. संध्याकाळ झाली की बायकोला शोधायचे. एकच उपाय लागू पडायचा: आजी वापरायच्या त्या अत्तराचा थेंब उशीवर टाकायचा. वास आला की आजोबा समजायचे, ती इथंच कुठंतरी आहे, आणि झोपायचे. अत्तर बनवून देणारा म्हातारा कधीच वारला होता, दुकान बंद झालं होतं. उरलं होतं ते एवढंच. काल दुपारी लेक आणि जावई आजोबांना विमानानं इकडे घेऊन आले, आणि ते अत्तरही आलं.

"सामान मी लावलं. ताई बाबांना आंघोळ घालत होत्या," सोबतीण म्हणाली. "साहेब म्हणतात, तुझ्या हातून सांडलं आणि तू पाणी भरलंस. मावशी, एवढा वासाचा जिन्नस सांडला असता तर घर घमघमलं नसतं का? पण ऐकतंय कोण! आज संध्याकाळी दुसरी बाई येतेय. आणि एकदा चोर म्हटल्यावर मला कुठलं घर दारात उभं करेल?"

"बाटली पहिल्यांदा उघडली कुणी?"

"मीच." सोबतीण घुटमळली. "एक सांगू? तिथं नाही बोलले, हसतील म्हणून. बाटलीचं पोट खपाटीला गेलं होतं. आणि मी झाकण फिरवलं ना, तर टक् असा आवाज झाला आणि पोट वर आलं. मावशी, बाटलीनं श्वास घेतला."

दुधाची पिशवी मावशींच्या हातात तशीच राहिली.

२

काहीतरी ओळखीचं होतं, पण कुठलं ते ध्यानात येईना. निवृत्तीचं हेच वाईट; गोष्टी डोक्यात असतात, पण आत कुठल्या कप्प्यात ठेवल्या ते आठवत नाही. मावशी जिना चढून वर गेल्या.

जावयांनी दार उघडलं. त्यांचं गाद्यांचं दुकान होतं, नावाजलेलं. दुकानभर गाद्या आणि घरात झोपेचा दुष्काळ, असं त्यांचं तोंड दिसत होतं.

"मावशी, तुमच्या शब्दावर ठेवली हो ती. तुम्हाला दोष नाही देत," ते म्हणाले, आणि ते देत होतेच.

"दोष नंतर वाटू. आधी मला ती पिशवी दाखवा."

पिशवी स्वयंपाकघरात ओट्यावर होती. विमानात द्रवपदार्थ न्यायचे तर लागते तशी, पारदर्शक, चेनची. आत शॅम्पूची बाटली, दाढीच्या फेसाची ट्यूब, टूथपेस्ट. सगळं गुबगुबीत, कुठं गळालेलं नाही. मावशींनी आत हात फिरवला. कोरडं. नाक खुपसलं. टूथपेस्टचा वास, दुसरं काही नाही. शेजारी ती बाटली होती, मऊ प्लॅस्टिकची, चोचीच्या तोंडाची. तिनं आता पोट फुगवून साळसूदपणा धारण केला होता. मावशींनी झाकण काढून हुंगलं. वास होता. अगदी फिका, माणूस खोलीतून निघून गेल्यावर मागे राहतो तेवढा.

ओट्याच्या कोपऱ्यात पिण्याच्या पाण्याची एक रिकामी बाटली पडली होती, चुरगळलेली, झाकण घट्ट लावलेली.

"हिच्यावर कोण बसलं?"

"ती? विमानातली. पाणी पिऊन झाकण लावून खिशात टाकली होती. कुणी बसलं-बिसलं नाही, आपोआप चेपली," जावई म्हणाले. "बाटल्यांचं काय घेऊन बसलात मावशी?"

मावशींनी चुरगळलेली बाटली पाहिली, मग गुबगुबीत शॅम्पू पाहिला. डोक्यातला तो कप्पा आता जरा किलकिला झाला.

"प्रवास कसा झाला?"

"आम्हाला जागा एकत्र मिळाल्या नाहीत. मी पार मागे, ही आणि बाबा पुढे. मला धास्ती होती की बाबा गोंधळ घालणार. सुरुवातीला घातलाही, आवाज येत होता. पण मग काय झालं कोण जाणे, शहाण्यासारखे झोपले ते थेट उतरेपर्यंत. औषधाची वेळ झाली म्हणून मी मधे उठून पुढे गेलो, तर घोरत होते."

"पिशवी कुठे होती?"

"हिच्याकडे, पायाशी. तपासणीच्या ठिकाणी तेवढी त्या माणसानं उघडली. हिची क्रीमची डबी काढून घेतली. तळाशी बोटभर क्रीम होतं हो! पण डबी मोठी. ते आत किती आहे ते बघत नाहीत, डबी केवढी आहे ते बघतात. अत्तराची बाटली उलटीसुलटी करून परत ठेवली. उतरल्यावर बाबा कुडकुडत होते. हिची शाल होती, ती द्यावी की नाही? तर हिनं शाल घडीसुद्धा न घालता पिशवीत कोंबली आणि वर गाठ मारली. दमलं की माणसाचं डोकं चालत नाही."

तेवढ्यात आतून लेक आली. चेहरा ओढलेला, नाकावरचा चष्मा एका बाजूला कललेला. तिनं तो एका हातानं ओढून काढला, डोळे चोळले, पुन्हा चढवला.

"जाऊ द्या ना मावशी," ती म्हणाली. "गेलं ते गेलं."

आजोबा खिडकीपाशी बसले होते. आयुष्यभर त्यांनी चष्मे बनवले होते, लोकांना एकमेकांचे चेहरे नीट दिसावेत म्हणून. मावशींना पाहून ते अदबीनं उठायला लागले. "चष्मा न्यायला आलात? अजून तयार नाही. ती आली की देतो. ती कुठं गेलीय कोण जाणे." आणि त्यांचा ओठ थरथरायला लागला.

असं एखाद्याला शोधत बसायला निदान एखादं माणूस असावं लागतं, हे मावशींच्या मनात आलं, आणि त्याची त्यांना लाज वाटली.

जावई त्यांना दारापर्यंत सोडायला आले आणि आवाज खाली करून म्हणाले, "सोबतिणीनं नसेल केलं, तर मग एकच माणूस उरतं. अत्तर बाटलीत भरलं कुणी? हिच्या वहिनींनी. खरं स्वतःकडे ठेवलं आणि आमच्या तोंडाला पानं पुसली!"

"वहिनीचं नाव घेऊ नका!" आतून लेक ओरडली. इतक्या जोरात, की आजोबा दचकून गप्प झाले.

३

मावशींनी नंबर मिळवून फोन लावला. वहिनी, म्हणजे आजोबांची सून, आधी भडकली.

"मी चोरलं? एवढी वर्षं म्हाताऱ्यांचं हगणंमुतणं मी काढलं. नणंदबाई सणासुदीला फोन करायच्या तेवढ्या. आणि आता मी चोर?"

"मी तसं म्हटलं नाही बाळ," मावशी म्हणाल्या. "मला फक्त अत्तर कसं भरलंस ते सांग."

'बाळ' म्हटल्यावर पलीकडचा आवाज एकदम मऊ झाला. तिलाही बऱ्याच दिवसांत कुणी तसं म्हटलं नसावं.

सासूबाईंची काचेची बाटली मोठी होती, तिनं सांगितलं. आत तळाशी उरलेलं. पण विमानात बाटलीचं माप बघतात, म्हणून ती न्यायची सोय नव्हती. मोठ्या बॅगेत टाकली तर फुटेल, बॅगच हरवली तर संपलं. म्हणून बाजारातून प्रवासाची मऊ बाटली आणली, कागदाचं नरसाळं केलं आणि थेंब न् थेंब तिच्यात ओतला. बाटलीचा पाचवा हिस्साही भरला नाही.

"तुला मोह झाला नाही ठेवून घ्यायचा?"

"झाला ना," सून म्हणाली. "सासूबाई माझ्याशी गोड नव्हत्या. पण त्या वासाशिवाय घर ओळखू येत नाही आता. रिकामी बाटली ठेवलीय मी. कधीतरी उघडते. मावशी, त्या अत्तराची एक गंमत आहे. गंमत कसली, शिक्षाच. एकदा माझ्या पदराला लागलं होतं. तर बाबा मला 'अगं ए' म्हणून हाक मारायला लागले. माझा हात धरून बसले. मी सून आहे, हे सांगून सांगून दमले. म्हणून नणंदबाईंना निघताना बजावलं होतं की थेंब उशीवरच टाका, तुमच्या अंगाला लागू देऊ नका. अंगाला लागलं की तुम्ही तुम्ही राहत नाही."

फोन ठेवला तरी ते शेवटचं वाक्य मावशींच्या कानात राहिलं.

४

मावशी आपल्या न्हाणीघरात जाऊन उभ्या राहिल्या. विचार करायची त्यांची ती जागा होती. फळीवर छोट्या बाटल्यांची रांग होती. काही वाण्याकडच्या, काही अजून जुन्या हॉटेलांमधल्या. रोज जी हाताला येईल ती. "मावशी, तुमच्या अंगाला रोज वेगळा वास येतो," सोबतीण एकदा हसून म्हणाली होती. मावशीही हसल्या होत्या. आता त्यांना वाटलं, आपण गेल्यावर कुणी उशीत नाक खुपसून शोधायचं म्हटलं, तरी शोधणार काय?

त्यांनी स्वतःला दटावलं. रडायला आयुष्य पडलंय, आधी काम.

श्वास घेणारी बाटली. आता कप्पा सताड उघडला होता. विमान उतरलं की खुर्च्यांच्या खिशांमधून त्या रिकाम्या बाटल्या गोळा करायच्या, आणि एकूण एक चेपलेल्या असायच्या, झाकण घट्ट लावलेल्या. नव्यानं लागलेल्या मुली विचारायच्या, प्रवाशांना हा काय चाळा? चाळा नव्हताच तो. वर हवा विरळ असते. वर झाकण लावलं की तीच विरळ हवा आत कोंडली जाते, आणि खाली आलं की बाहेरची दाट हवा बाटलीला दाबून चेपते. झाकण काढा, की टक्! बाटली श्वास घेते.

जमिनीवर बंद केलेली आणि वर न उघडलेली बाटली मात्र जशी गेली तशी उतरते, त्या शॅम्पूसारखी गुबगुबीत.

मग सोबतीण सुटली. तिच्या हाती बाटली आली ती आधीच खपाटीला गेलेली. तपासणीवाला सुटला, तो जमिनीवरचा. सूनही सुटली. शिवाय बाटलीत फिका वास होता, म्हणजे तिनं खरंच अत्तर भरलं होतं. झाकण सैल राहून गळलं म्हणावं, तर पिशवी कोरडी होती, आणि गळलेल्या बाटलीत पाणी आपणहून येत नाही.

बाटली उघडली गेली ती आभाळात, आणि पाणी भरून बंद झाली तीही आभाळातच. आणि जो म्हातारा त्या वासाशिवाय डोळा मिटत नाही, तो विमानात थेट उतरेपर्यंत घोरत होता.

मावशींनी दिवा घालवला. अत्तर हरवलेलंच नव्हतं. ते याच इमारतीत होतं, गाठ मारलेल्या एका पिशवीत.

५

लेक गच्चीवर कपडे वाळत घालत होती. प्रवासातले सगळे कपडे धुऊन झाले होते. आजोबांचा सदरा, जावयांची पँट, तिचा स्वतःचा पंजाबी ड्रेस.

"शाल नाही धुतलीस?" मावशींनी विचारलं.

लेकीच्या हातातला चिमटा खाली पडला.

"तुझ्या नवऱ्याला मी अजून काही बोललेले नाही," मावशी म्हणाल्या. "त्याला आधी तू सांगावंस असं मला वाटतं. मला जेवढं कळलंय तेवढं मी बोलते. चुकलं तर सांग. विमान वर गेलं आणि बाबा घाबरले. तू बाटली काढलीस. रुमालावर एक थेंब टाकावा म्हणून चोच खाली केलीस आणि झाकण उघडलंस. बाटलीत अत्तर थोडं आणि खालची दाट हवाच जास्त. वर गेल्यावर ती हवा फुगून बसलेली असते, वाट मिळाली की पुढ्यात असेल ते बाहेर ढकलते. आमच्या वेळी एका बाईंचा सगळा शॅम्पू असाच शेजारच्याच्या टकलावर गेला होता."

लेक हसली आणि हसताहसताच रडायला लागली. चष्मा एका हातानं ओढून काढला.

"फस्सकन सगळं अंगावर आलं," ती म्हणाली. "शाल भिजली. मी बाटली उलटी धरून बघितली, एक थेंब नाही. मग बाबा झोपले, आणि थोड्या वेळानं हे मागून उठून येताना दिसले. माझी पाचावर धारण बसली. पेल्यातलं पाणी ओतलं, झाकण लावलं, शाल गोळा करून पायाशी दडवली. ह्यांचं नाक सर्दीनं बंद होतं, वाचले. नंतर सांगणार होते मी, मावशी. चूकच होती ना ती, चोरी थोडीच."

"मग सांगितलं का नाहीस?"

तिनं दोरीवरच्या सदऱ्याची बाही सरळ केली.

"हे यायच्या आधी, बाटली सांडल्यावर लगेच, बाबांनी माझा हात धरला. म्हणाले, 'अगं, कुठं होतीस?' इतक्या मायेनं मावशी, माझ्याकडे तसं कुणी बघितलंच नव्हतं कधी. माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. आणि म्हणाले, 'लेकीची फार आठवण येते गं. ती काही येत नाही.' मी म्हटलं, 'आलीय ना बाबा, मीच आहे.' तर हसले. म्हणाले, 'तू नेहमी असंच सांगतेस, मला बरं वाटावं म्हणून.' आणि झोपले."

खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली.

"वास आला की मी त्यांची बायको. वास नसला की मी कुणीच नाही," लेक म्हणाली. "इतकी वर्षं मी आले नाही, वहिनीवर टाकून मोकळी राहिले, हे खरंय. पण आता आणलं ना त्यांना? शाल दिली असती तर त्यांना बायको मिळाली असती. मला बाप कधी मिळणार? मला वाटलं, वासच नसला तर कधीतरी नीट बघतील माझ्याकडे. एकदा तरी."

"आणि सोबतीण?"

"मला वाटलं नव्हतं हे तिला काढतील. कालपासून शब्द घशाशी येतात आणि गिळते."

"तुझं दुःख खरं आहे," मावशी म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज त्यांनाच कडक वाटला. "पण ते दुसऱ्याच्या पोटावर ठेवायचं नाही. तिचं नाव आज संध्याकाळच्या आत धुऊन निघालं पाहिजे. ते तुझ्या तोंडून."

लेकीनं मान हलवली. मग लहान पोरीसारखं विचारलं, "आणि बाबा? शाल दिली की मी संपले ना?"

मावशी कठड्याला टेकल्या. कडेवर घेतलेली ती सगळी परकी पोरं त्यांना आठवली.

"एक गोष्ट मी विमानात शिकले," त्या सावकाश म्हणाल्या. "घाबरलेल्या पोराला आईपासून उचललं, की ते कुणाकडेच बघत नाही, नुसतं आईला शोधतं. पण आई दिसेल असं त्याला बसवलं ना, की मग ते इकडेतिकडे बघतं. परक्यालाही हसतं. तू तुझ्या आईला दडवून ठेवलंस आणि म्हणतेस, बाबांनी माझ्याकडे बघावं. ते कसे बघतील? ते तिला शोधण्यातच गुंतलेत."

"मग काय करू?"

"शाल काढ. पण अंगावर घेऊ नकोस. आधी स्वच्छ आंघोळ कर, साध्या साबणानं. संध्याकाळी मी येते."

६

संध्याकाळी दार उघडलं ते सोबतिणीनं. तिचे डोळे अजून लाल होते, पण पदर खोचलेला होता. जावई स्वतः तिच्या घरी जाऊन आले होते. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालो होतो, असं म्हणून त्यांनी हात जोडले, आणि ती रडली, आणि मग तिनं त्यांना पाणी दिलं. दुसऱ्या बाईला येऊ नको म्हणून कळवलं होतं. लेक आणि जावई आपसात काय बोलले ते मावशींनी विचारलं नाही. जावयांनी सर्दीवर वाफ घेतली होती आणि ते दर थोड्या वेळानं नाक ओढून बघत होते, एवढं खरं.

आजोबा पलंगावर अस्वस्थ बसले होते. बाहेरचा उजेड कमी व्हायला लागला होता. "ती कुठं गेली? एवढा उशीर करत नाही ती."

मावशींनी पलंगाच्या उजव्या बाजूला खुर्ची ठेवायला लावली. लेकीनं गाठ मारलेली पिशवी आणली. गाठ सुटली आणि खोलीत कुणीतरी आल्यासारखं झालं. सोबतीण दारातच थबकली. जावयांनी एकदम मान खाली घातली. सासूबाई त्यांना आवडायच्या. लेकीनं शाल खुर्चीच्या पाठीवर टाकली, स्वतः बाजूला झाली, आणि पलंगाला वळसा घालून डावीकडे जाऊन बसली.

आजोबांनी श्वास घेतला. पुन्हा घेतला. खांदे खाली आले.

"आलीस," ते खुर्चीला म्हणाले.

मग बराच वेळ काहीच झालं नाही. आजोबा खुर्चीकडे बघत होते, शांत. लेक गुडघ्यांवर हात ठेवून बसली होती आणि तिच्याकडे कुणीही बघत नव्हतं. मावशींना वाटलं, आपलं चुकलं. विमानातली अक्कल जमिनीवर चालत नाही. उगाच एका पोरीला आशेला लावलं.

लेकीचे डोळे भरून आले. तिनं चष्मा ओढून काढला, पुसला, पुन्हा नाकावर चढवला. वाकडाच.

आजोबांची मान वळली. त्यांनी त्या चष्म्याकडे पाहिलं. भुवया आवळल्या, आणि दुकानात गिऱ्हाइकाकडे बघावं तसं ते पुढे झुकून बघू लागले. दोन्ही हातांनी त्यांनी चष्मा अलगद काढला, दांडी बोटांत धरून जराशी वाकवली, उजेडाकडे धरून एक डोळा मिटला, पुन्हा वाकवली, आणि तिच्या कानांवर बसवला. अंगठ्यानं नाकावरचा वण चाचपला.

"किती वेळा सांगितलं," ते रागावून म्हणाले, "एका हातानं काढायचा नाही. शाळेत होतीस तेव्हापासून सांगतोय."

लेकीनं हळूच दांडीला बोट लावून बघितलं.

आजोबा खुर्चीकडे वळले. "अगं, बघतेस ना? ही ऐकतच नाही. लेक तुझी."

जावई खोलीबाहेर गेले. सोबतीण पदर तोंडात धरून भिंतीकडे वळली. लेकीनं बापाच्या मांडीवर डोकं टेकलं, दोन्ही हातांनी चष्मा काढून बाजूला ठेवल्यावरच.

मावशी निघाल्या तेव्हा सोबतीण जिन्यापर्यंत आली. "मावशी, तो वास पुरेल किती दिवस?"

"फार नाही," मावशी खरं ते बोलल्या. "रोज संध्याकाळी थोडा वेळ काढा, मग परत गाठ मारून ठेवा. तोवर त्यांना लेकीचा वास ओळखीचा झाला तर बरं."

त्या जिना उतरल्या, पण घराचं कुलूप न काढता कोपऱ्यापर्यंत चालत गेल्या. वाणी फळ्या लावायच्या तयारीत होता. त्यानं न विचारताच शॅम्पूच्या छोट्या बाटलीकडे हात नेला.

"थांब," मावशी म्हणाल्या. "मोठ्या दाखव."

वाण्यानं आ वासला. मग एकेक मोठी बाटली फळीवर मांडली. मावशींनी एकेकीचं झाकण उघडून हुंगलं, घाई न करता. एका बाटलीपाशी त्या थांबल्या. कसल्यातरी फुलांचा, फार गोड नाही असा वास होता. सोबतीण उद्या आली तर तिला आवडेल, असं त्यांना वाटलं.

"ही दे," त्या म्हणाल्या. "आणि संपली की पुन्हा हीच देत जा."